मिरचीची बीजप्रक्रिया : रोपांची मर आणि बियाण्यातून येणारी फळकूज रोखण्यासाठी

नंदुरबार, दोंडाईचा, भिवापूर अशा मिरचीच्या पट्ट्यांत खरिपाचे बी रोहिणी नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे मे अखेरीस गादीवाफ्यावर पडते, आणि रोपे ऐन भरात येण्याच्या वेळी मृगाचा पाऊस सुरू होतो. मातीतील बुरशीला नेमके हेच हवे असते : ओल, उबदार हवा आणि कोवळे देठ. वाफ्यात एका कोपऱ्यात चार रोपे जमिनीलगत आडवी झालेली दिसतात आणि दोन-तीन दिवसांत ती जागा टोपलीएवढी होते. अशा वेळी दुकानातून आणलेले पहिले बुरशीनाशक ओतण्याकडे कल असतो. बीजप्रक्रियेचे, म्हणजे पेरणीआधी बियाण्यातील रोग काढण्याचे आणि त्याला औषध लावण्याचे, काम मात्र त्याच्या कितीतरी आधी, बी पिशवीतून बाहेर काढतानाच करायचे असते, आणि त्यासाठी आधी एक गोष्ट ठरवावी लागते : आपल्याला नेमकी कोणती बुरशी रोखायची आहे? सगळ्या बुरशींवर चालणारे एकच औषध नाही, आणि बीजप्रक्रिया ‘करूनही’ रोपे गेली असे जे ऐकू येते त्यामागे बहुतेक वेळा औषध आणि बुरशी यांची चुकलेली जोडी असते.

बुरशी कोठे राहते

मिरचीच्या रोपवाटिकेत दोन वेगळ्या वाटांनी रोग येतो. पहिली वाट मातीची. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया आणि फ्युजॅरियम या बुरशी मातीत, कुजलेल्या अवशेषांत आणि कच्च्या शेणखतात टिकून राहतात. बी रुजताना त्यांनी गाठले तर अंकुर मातीतच कुजतो आणि शेतकऱ्याला वाटते की बियाणेच खराब निघाले. रोप वर आल्यानंतर गाठले तर देठ जमिनीलगत पाणचट होतो, दोऱ्यासारखा बारीक पडतो आणि रोप कोलमडते. यांपैकी पिथियम आणि फायटोप्थोरा यांचे बीजाणू (ज्यांतून बुरशी नव्याने वाढते ते सूक्ष्म कण) पाण्यात पोहू शकतात, म्हणून साचलेल्या पाण्याबरोबर रोग वाफाभर पसरतो.

दुसरी वाट बियाण्याची. कोलेटोट्रायकम ही बुरशी पिकलेल्या फळावर गोल, खोलगट डाग पाडते, त्या डागांत काळ्या ठिपक्यांची एकात एक वर्तुळे दिसतात. हीच बुरशी फांद्या शेंड्याकडून वाळवते. फळकूज आणि फांद्यांची मर म्हणून आपण जे ओळखतो ते हे. डाग पडलेले फळ चिरून पाहिले तर आतील बी तांबूस-तपकिरी झालेले असते आणि काही ठिकाणी त्यावर बुरशीचे पांढरट-करडे जाळेही दिसते. अशा फळातून काढलेले बी पुढल्या वर्षीचा रोग सोबत घेऊनच वाफ्यात जाते. बुरशी बियाण्याच्या सालीवर असते, तशीच सालीच्या आतही शिरलेली असते, आणि म्हणून केवळ वरून भुकटी चोळून ती पूर्णपणे जात नाही.

भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटीसारखी दिसणारी बुरशी, मात्र बियाण्यातून येत नाही, तिचे बीजाणू वाऱ्यावर येतात. पाने आकसणारा चुरडा-मुरडा हा तर बुरशीचा रोगच नव्हे. तो फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी पसरवत असलेले विषाणू यांच्यामुळे होतो. बीजप्रक्रिया करूनही भुरी आली अशी तक्रार ऐकायला मिळते, पण बीजप्रक्रियेने ती थांबावी अशी अपेक्षा मुळातच करायला नको.

कोणते औषध कशावर

बाजारात मिरचीच्या बियाण्यासाठी सर्वांत जास्त विकत घेतले जाणारे औषध बहुधा कार्बेन्डाझिम असेल. ते आंतरप्रवाही आहे, बियाण्याच्या आत जाते, आणि कोलेटोट्रायकम, फ्युजॅरियम व रायझोक्टोनिया यांच्यावर चालते. पिथियम आणि फायटोप्थोरा यांच्यावर ते चालत नाही. या दोन्ही बुरशींना शास्त्रज्ञ खऱ्या बुरशीच्या कुळात मोजत नाहीत, त्यांची पेशीरचनाच वेगळी आहे, आणि कार्बेन्डाझिम ज्या ठिकाणी घाव घालते ती जागा त्यांच्यात त्याला बळी पडत नाही. पावसाळी वाफ्यात रोपे कोलमडण्यात पिथियमचा वाटा मोठा असतो. तेथे नुसते कार्बेन्डाझिम चोळलेले बी जवळजवळ उघडेच पडलेले असते.

याच्या उलट मेटालॅक्झिल हे पिथियम-फायटोप्थोरावर उत्तम काम करते, पण फ्युजॅरियम, रायझोक्टोनिया आणि फळकुजीच्या बुरशीवर त्याचा उपयोग नाही. थायरम आणि कॅप्टान ही स्पर्शजन्य औषधे आहेत. ती बियाण्याच्या बाहेर थर धरून राहतात आणि मातीतून येणाऱ्या अनेक बुरशींना, पिथियमसकट, अंकुराजवळ येऊ देत नाहीत. बियाण्याच्या आत बसलेल्या बुरशीपर्यंत मात्र ती पोहोचत नाहीत.

या सगळ्याचा हिशेब केला की जुनी, रुळलेली शिफारस का टिकून आहे ते कळते. मातीतील रोगासाठी दर किलो बियाण्यास ३ ग्रॅम थायरम किंवा तेवढेच कॅप्टान; आणि बी घरचे असेल, किंवा ज्या शेतातून ते आले तेथे फळकूज होती अशी शंका असेल, तर २ ग्रॅम थायरम आणि १ ग्रॅम कार्बेन्डाझिम यांचे मिश्रण. एक बाहेरून राखते, दुसरे आत जाते. फळकुजीच्या बुरशीत कार्बेन्डाझिमला दाद न देणारे प्रकार आढळलेले आहेत, म्हणून त्याच एका औषधावर हंगामामागून हंगाम विसंबून राहणे मला शहाणपणाचे वाटत नाही. कोणतेही औषध घेताना त्याच्या लेबलवर कोणते पीक आणि कोणती पद्धत दिली आहे ते वाचावे, आणि दुकानदाराचे सांगणे व लेबल यांत फरक असेल तर लेबल मानावे.

आधी पाकीट वाचा

संकरित मिरचीचे बी बहुतेक वेळा कंपनीतूनच प्रक्रिया होऊन येते. ते गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगवलेले असते. बियाणे नियम १९६८ नुसार प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पाकिटावर तसे लिहिणे, वापरलेल्या रसायनाचे नाव देणे आणि ते खाण्यासाठी, जनावरांसाठी किंवा तेलासाठी वापरू नये अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. पाकिटावर थायरम लिहिले असेल तर त्यावर पुन्हा थायरम चोळू नये. दुप्पट मात्रेने संरक्षण दुप्पट होत नाही. उगवण लांबण्याची आणि अंकुर खुजा राहण्याची शक्यता मात्र वाढते. अशा बियाण्याला पाण्यात भिजवणे किंवा धुणेही टाळावे, कारण त्याने लावलेला थर निघून जातो. त्याच्यासाठी रोपवाटिकेतील माती-खतात ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना संपवणारी उपकारक बुरशी) मिसळणे हाच चांगला जोड-उपाय आहे.

पुढे सांगितलेली गरम पाण्याची आणि रसायनाची प्रक्रिया मुख्यतः फुले ज्योती, पुसा ज्वाला, परभणी तेजस यांसारख्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांच्या आणि भिवापुरी, लवंगी अशा घरी राखलेल्या बियाण्यासाठी आहे.

बी निवडणे आणि उगवण तपासणे

घरचे बी राखायचे असेल तर फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे आणि ते निरोगी झाडाचेच घ्यावे. वाळवणाच्या ढिगातून मिरच्या उचलून बी काढणे सोपे असते, पण त्या ढिगात डागी मिरच्याही असतात आणि मिरच्या फोडताना त्यांचे बीजाणू चांगल्या बियांना लागतात. फळे एकेक पाहून, एकही खोलगट डाग असलेले फळ बाजूला काढून मगच बी काढावे. सुकल्यावर ते पांढऱ्या कागदावर पसरावे : चांगले बी फिकट पिवळे, चपटे आणि भरलेले दिसते, तपकिरी, सुरकुतलेले, काळे ठिपके असलेले बी हाताने वेचून काढावे. हे किचकट काम आहे, पण पाव किलो बियाण्यासाठी दुपारचे दोन तास पुरतात, आणि या निवडीने जेवढा रोग बाहेर जातो तेवढा नंतर कोणतेही औषध काढू शकत नाही.

त्यानंतर उगवणीची चाचणी. १०० बिया मोजून ओल्या टिपकागदात किंवा स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळाव्यात, फडके ओले राहील पण पाणी निथळणार नाही अशा बेताने ठेवावे, आणि सातव्या व चौदाव्या दिवशी मोजणी करावी. प्रमाणित बियाण्यासाठी मिरचीची किमान उगवण ६० टक्के धरलेली आहे. याहून कमी उगवण असेल तर बी बदलावे. चाचणीत न उगवलेल्या बियांवर बुरशीची लव दिसली तर ती खूणच समजावी आणि त्या बियाण्याला गरम पाण्याची प्रक्रिया जरूर द्यावी.

गरम पाण्याची प्रक्रिया

बियाण्याच्या आत बसलेल्या बुरशीसाठी आणि जिवाणूजन्य ठिपक्यांसाठीही हा रसायनाशिवायचा चांगला उपाय आहे : ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० मिनिटे. यात फक्त एकच गोष्ट अवघड आहे, ती म्हणजे तापमान. ५० अंशांखाली रोगकारक वाचतात आणि ५४ च्या वर गेले की बी मरू लागते, म्हणजे आपल्याला चालायला वाट अगदी अरुंद आहे. बोट बुडवून अंदाज घेण्याचा येथे उपयोग नाही. ताप पाहण्याचा तापमापकही चालत नाही, कारण तो ४२ अंशांच्या आसपास थांबतो. प्रयोगशाळेतला काचेचा किंवा दुधासाठी वापरतात तसा तापमापक हवा.

उघड्या पातेल्यातील पाणी भराभर निवते, म्हणून थोड्या बियाण्यासाठी रुंद तोंडाचा एक लिटरचा थर्मास सर्वांत सोयीचा पडतो. बी मलमलीच्या फडक्यात सैल बांधावे. पुरचुंडी घट्ट झाली तर मधल्या बियांपर्यंत उष्णता पोहोचत नाही. ही पुरचुंडी आधी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात १० मिनिटे ठेवावी, म्हणजे बियांमधील हवा निघते आणि पुढे तापमान एकदम खाली येत नाही. तेवढ्यात थर्मास गरम पाण्याने विसळून तापवून घ्यावा, नव्याने ५३ अंशांचे पाणी भरावे आणि पुरचुंडी आत सोडावी. तापमान ५२ वर स्थिरावले की घड्याळ लावावे. दर पाच-सात मिनिटांनी पुरचुंडी हलवून तापमान पाहावे, घटले असेल तर थोडे गरम पाणी कडेने घालावे, बियांवर थेट ओतू नये. तीस मिनिटे होताच पुरचुंडी थंड पाण्यात बुडवावी आणि बी लगेच सावलीत, पंख्याखाली, कागदावर एकेरी थरात पसरून पूर्ण वाळवावे.

जुन्या, वर्षाहून अधिक ठेवलेल्या किंवा कमजोर बियाण्याला ही उष्णता सोसत नाही. म्हणून नेहमी आधी ५०-१०० बियांवर प्रयोग करून त्यांची उगवण पाहावी आणि मगच उरलेल्या बियाण्याकडे वळावे. शिवाय गरम पाण्याने बियाण्यातील रोग जातो, पण त्याला पुढे कसलेही संरक्षण मिळत नाही. मातीतील बुरशीसाठी ते बी वाळल्यावर थायरम किंवा ट्रायकोडर्मा लावावाच लागतो.

औषध मोजणे आणि चोळणे

दर किलोस ३ ग्रॅम हे पुस्तकातले प्रमाण वाचायला सोपे आहे, पण मिरचीत कोणी किलोभर बी घेऊन बसत नाही. सरळ वाणाचे हेक्टरी सुमारे एक ते सव्वा किलो बी लागते. एका एकराला ४०० ते ५०० ग्रॅम. परसबागेसाठी किंवा थोड्या क्षेत्रासाठी १० ग्रॅम बी असेल तर त्याला लागणारे थायरम केवळ ०.०३ ग्रॅम, म्हणजे ३० मिलिग्रॅम. चिमटीत मावणारे औषध याच्या कितीतरी पट असते, आणि ‘चिमूटभर चोळा’ असा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

यावर सोपा तोडगा आहे. १ ग्रॅम थायरम आणि ९ ग्रॅम कोरडी संगजिऱ्याची (टाल्कची) पूड एका झाकणाच्या डबीत घालून चांगली हलवून एकजीव करावी. आता या मिश्रणाच्या दर ०.३ ग्रॅममध्ये ०.०३ ग्रॅम थायरम असते. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता सहज मिळतो, आणि तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून घेतला तर कोणालाच जड जात नाही. १०० ग्रॅम बियाण्यासाठी ०.३ ग्रॅम थायरम, किंवा ०.२ ग्रॅम थायरम आणि ०.१ ग्रॅम कार्बेन्डाझिम, थेट काट्यावर मोजता येते.

प्रत्यक्ष चोळण्यासाठी झाकणाची कोरडी प्लॅस्टिकची बरणी घ्यावी आणि ती निम्म्याहून जास्त भरू नये, म्हणजे बी आत मोकळेपणाने फिरते. मिरचीचे बी गुळगुळीत असल्याने कोरडी पूड त्याला नीट चिकटत नाही. त्यासाठी १०० ग्रॅम बियाण्याला साधारण १ मिली पाणी शिंपडून बरणी हलवावी, सर्व बियांना पुसट ओल आली की औषध घालावे, झाकण लावून चार-पाच मिनिटे बरणी आडवी-उभी फिरवावी. झाकण उघडण्याआधी एक मिनिट थांबावे, कारण आत उडालेली भुकटी तोंडावर येते. तळाशी पूड उरली असेल तर ओल कमी पडली, बियांचे गोळे झाले असतील तर पाणी जास्त झाले. दोन्ही सुधारता येतात : पहिल्यात पाण्याचे काही थेंब, दुसऱ्यात सावलीत पसरून पुन्हा हलवणे. मग बी सावलीत अर्धा तास वाळवून त्याच दिवशी पेरावे.

हातमोजे आणि तोंडाला मास्क किंवा दुहेरी फडके हवेच. काम चालू असताना तंबाखू मळणे, विडी ओढणे, पाणी पिणे नको. औषध हातावरून तोंडात जाण्याची ही नेहमीची वाट आहे. ही बरणी आणि चमचा पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत.

ट्रायकोडर्मा वापरायचा असेल तर

ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे आणि ती रोगकारक बुरशींवर वाढून त्यांना संपवते. यातच एक मेख आहे. कार्बेन्डाझिम चोळलेल्या बियाण्याला ट्रायकोडर्मा लावणे म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटणे, कारण कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाही मारते. थायरम आणि कॅप्टान यांचाही त्याच्या वाढीवर परिणाम होतो. ‘आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक’ हा क्रम सगळीकडे सांगितला जातो. तो ॲझोस्पिरिलम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू किंवा स्युडोमोनास यांच्यासाठी ठीक आहे, पण त्यात ट्रायकोडर्मा सरसकट बसवू नये. बियाण्यावर रसायन किंवा ट्रायकोडर्मा यांपैकी एकच निवडावे, आणि रसायन निवडले तर ट्रायकोडर्मा शेणखतातून वाफ्यात द्यावा.

बियाण्यासाठी दर किलोस ५ ते १० ग्रॅम भुकटी पुरते. येथे मात्रा थोडी वाढली तरी बियाण्याला इजा नाही, त्यामुळे १० ग्रॅम बियाण्यासाठी मिलिग्रॅमचा हिशेब करण्याची गरज पडत नाही. गुळाच्या पातळ पाण्याने किंवा गार झालेल्या तांदळाच्या पेजेने बी किंचित ओले करून भुकटी चोळावी, सावलीत वाळवावे आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी पेरावे. पाकिटावर दोन गोष्टी पाहाव्यात : वापराची अंतिम तारीख आणि दर ग्रॅममधील जिवंत पेशींची संख्या, जी किमान २० लाख असायला हवी. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेले पाकीट तारखेआत असले तरी घेऊ नये.

वाफ्यासाठी १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून, ढीग गोणपाटाने झाकून १० ते १५ दिवस सावलीत ठेवावा, अधूनमधून पाणी शिंपडावे आणि वरखाली करावा. नंतर हे खत पेरणीआधी वाफ्याच्या वरच्या थरात मिसळावे. बीजप्रक्रियेपेक्षाही ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते, कारण बियाण्यावरचा थर अंकुरापुरता आणि थोडे दिवस टिकतो, मातीतील ट्रायकोडर्मा मात्र रोपाच्या मुळांबरोबर वाढत राहतो.

वाफ्यात गेल्यावर

चांगली प्रक्रिया केलेले बीही पाणी साचणाऱ्या सपाट वाफ्यात वाचत नाही. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा, त्यावर ओळींत विरळ, सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरणी, आणि झारीने सकाळी पाणी, हे किमान सांभाळावे. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर देठाशी राहते. आच्छादन म्हणून टाकलेला पाचट अंकुर दिसू लागताच काढावा, एक दिवसाचाही उशीर नको. एप्रिल-मे महिन्यांत वाफे ओले करून त्यांवर पारदर्शक पॉलिथिन चार ते सहा आठवडे घट्ट ताणून ठेवले तर उन्हाच्या तापाने मातीतील बुरशीचा मोठा भाग आधीच कमी होतो. विदर्भ-खानदेशच्या उन्हाचा इतका सरळ उपयोग दुसरा नाही.

एवढे करूनही कोठे रोपे कोलमडली तर आधी ती उपटून देठ पाहावा. कुरतडलेला असेल तर ते किडीचे काम आहे. पाणचट, बारीक पडलेला असेल तर त्या जागेचे पाणी तोडावे, आसपासच्या चार बोटे रुंदीच्या पट्ट्यातील निरोगी दिसणारी रोपेही काढावीत आणि उरलेल्या वाफ्यात मेटालॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे संयुक्त बुरशीनाशक लिटरला २ ते २.५ ग्रॅम, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २.५ ते ३ ग्रॅम घेऊन मुळांच्या थरापर्यंत माती भिजेल असे ओतावे. ताम्रयुक्त औषध ट्रायकोडर्मालाही बाधते, म्हणून ते दिल्यावर ट्रायकोडर्मा पुन्हा द्यायचा झाल्यास दोन आठवडे थांबावे.

पेरून उरलेले प्रक्रिया केलेले बी कोंबड्यांपुढे टाकू नये आणि मसाल्यातही घालू नये. ते नाव, औषध आणि तारीख लिहिलेल्या बंद डबीत कुलपात ठेवावे आणि पुढच्या हंगामात वापरण्यापूर्वी उगवण पुन्हा तपासावी. बरणी धुतलेले पाणी विहीर, ओढा आणि जनावरांच्या हौदापासून दूर, खड्ड्यात ओतून मातीने बुजवावे.